ताटावर ठेवलेला हात

अण्णा, आज कर्ज फिटलं. फिटल्याचा कागदसुद्धा हातात आला, आणि मला मात्र सकाळपासून एका जागी बसवेना. दोनदा ओटा पुसला, धुतलेली भांडी पुन्हा विसळली, शेजारणीशी कारण नसताना तोंड वाजवलं. शेवटी म्हटलं, ज्या बापामुळं माझं डोकं असं चालतं त्याच्याशीच बोलावं. तुम्ही गेलात त्याला कैक वर्षं झाली. तुमच्याशी भांडायचं राहून गेलं होतं, ते आज उरकून घेते.

लेकीच्या लग्नात आम्ही ऐपतीबाहेर गेलो. कुणी बळजबरी केली नव्हती. व्याही भला माणूस, नारळ आणि मुलगी द्या म्हणाले होते. पण ह्यांच्या थोरल्या भावानं एक शब्द टाकला, "एकुलती एक लेक हाय, लोकं काय म्हणतील?" आणि आमच्या दोघांच्याही अंगात आलं. नांदेडात मोठं मंगल कार्यालय घेतलं, पंगतीला चार गोड केले, लेकीला फ्रीज दिला आणि आपला जुना झाला म्हणून आपल्यालाही एक हप्त्यावर आणला. हे कापडाच्या दुकानात नोकरीला, पगार किती ते तुम्हाला सांगायला नको. ऋण काढून सण म्हणतात तो आम्ही थाटात केला. आणि कर्ज देणाऱ्या कंपनीच्या पोरानं ओळखीच्या माणसाचा नंबर मागितला तेव्हा ह्यांनी काय करावं? होणाऱ्या जावयाचा दिला. जावयाचं बिलोलीला औषधाचं दुकान आहे, वजनदार माणूस वाटतो म्हणे. घरी येऊन मला कौतुकानं सांगितलं. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, "अहो, हप्ता चुकला की त्याच नंबरला फोन जातो. जावयाच्या दारात वसुली लावून आलात तुम्ही." तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं, आणि चेहरा उतरला.

त्यानंतर मला एकच गोष्ट दिसायची. हप्त्याच्या तारखेला खात्यात पैसे असले पाहिजेत आणि जावयाचा फोन वाजता कामा नये. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात दुकानाचा पगार लांबला, हप्ता उशिरा गेला, दंड बसला. ते चार दिवस मी बिलोलीहून फोन आला की दचकायची. लेक नेहमीसारखीच बोलायची, काय भाजी केली, तुझे गुडघे कसे आहेत. फोन गेला नसेल, असं आम्ही धरून चाललो आणि मी घर माझ्या हातात घेतलं.

कसं घेतलं म्हणाल, तर तुमच्यासारखंच. लातूरला आपल्या खाणावळीत दाराशी फळा असायचा, त्यावर तुम्ही आठवडाभराचं खडूनं लिहायचात. क्लासची पोरं आधी फळा वाचायची, मग चपला काढायची. सोमवारी काय, मंगळवारी काय, शनिवारची उसळ रविवारी मिसळ होऊन कशी येणार, हे सगळं तुमच्या डोक्यात आठवडा उगवायच्या आधी शिजलेलं असायचं. मी तसाच कागद केला आणि हप्त्यावर आणलेल्या फ्रीजच्या दारावर चिकटवला. ह्यांनी वाचला आणि म्हणाले, "आता पोळी-भाजीचं टाईमटेबल?" मी म्हटलं, "हाव. आणि नापास झालात तर जावयाला फोन जाईल." त्यावर पुन्हा कधी चेष्टा केली नाही.

गहू निम्म्यावर आणला, ज्वारी वाढवली. तुरीच्या वरणाचे दिवस कमी केले, त्या जागी भाजल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, येसराची आमटी आणि पिठलं. बाजार उठायच्या वेळेला जायचं, तेव्हा अंबाडीच्या आणि चुक्याच्या जुड्या पडेल भावानं मिळतात. शिळ्या भाकरीला फोडणी द्यायची, मुरमुरे भिजवून सुशीला करायचा. बाहेरचा चहा बंद, रविवारची भजी बंद. तेलाचं पाकीट महिनाअखेरपर्यंत पुरवायचं म्हणजे पुरवायचं. हे म्हणायचे, दात कोरून पोट भरतं का? मी म्हणायची, पोट नाही भरत, हप्ता भरतो. आणि खरंच भरत गेला. माझा गुणच म्हणा, नाहीतर तुमचा. पीठ मळायला घेण्याआधी तुम्ही मापाच्या डब्यावरून बोट फिरवून ते सपाट करायचात, दाणा इकडचा तिकडं होऊ द्यायचे नाहीत. तेच बोट आता मी फिरवते.

पण तुमचं दुसरं एक वाक्य होतं, आणि भांडण त्यावरच आहे.

मी आठवी-नववीत असेन. सुट्टीचा दिवस, पंगत बसलेली, मी वाढायला. हदगावकडचा एक पोरगा होता, अंगानं काडी, पण जेवायला बसला की मान वर करायचा नाही. त्याला पोळी वाढता वाढता मी मोठ्यानं म्हणाले, "ह्याची ही सातवी हाय." पोरं हसली. त्या पोरानं ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाला, "बास. पोट भरलं." तुम्ही चुलीपाशी होता. उठून आलात, माझ्या हातातली दुरडी घेतलीत आणि सगळ्यांसमोर मला आत पाठवलंत. नंतर आवाज न चढवता म्हणालात, "अन्न मोजायचं तर चुलीपाशी मोजावं बाई. ताटापाशी मोजू न्हाई." मी रडले, दिवसभर तुमच्याशी बोलले नाही. आणि त्या पोरापुढं तुम्ही रोज स्वतः उभे राहायला लागलात. त्यानं हात आडवा धरला की तुम्ही नुसते उभे. हात काढेपर्यंत हलायचं नाही. माझ्या मैत्रिणीसुद्धा तुमची तारीफ करायच्या तेव्हा माझा जळफळाट व्हायचा.

तुमचं वाक्य लई चांगलं आहे, अण्णा. मेल्यावर लोक तेच बोलले. पण चुलीपाशी मोजून आणि ताटापाशी सोडून खाणावळ बुडाली, हे कुणी बोललं नाही. परीक्षा झाली की पोरं पैसे न देताच गावी जायची आणि तुम्ही म्हणायचात, खाल्लेल्या घासाचा तगादा लावायचा नसतो. किराणावाला मात्र लावायचा. आपली मोठी पातेली हातगाडीवरून गेली तेव्हा मी दारात उभी होते. तुम्ही घरात तोंड फिरवून पान लावत बसलात. त्या दिवशी मी ठरवलं होतं की माझ्या घरात असलं काही होणार नाही. म्हणून ह्यांनी जेवताना तिसऱ्या भाकरीला ताटावर हात धरला, "बास, पोट भरलं" म्हणाले, की मी निमूट भाकरी टोपल्यात परत ठेवायची. चार भाकरी खाणारा माणूस दोनवर आला, आणि मी एकदाही विचारलं नाही. उलट मला बरं वाटायचं. उरलेल्या भाकरीचं सकाळी काय करायचं ते माझं ठरलेलंच असायचं.

मग यंदा धोंड्याचा महिना आला, ऐन उन्हाळ्यात. लग्नानंतरचा पहिलाच धोंडा. जावयाला बोलावल्याशिवाय गत्यंतर नाही. आहेर करावा लागतो, ऐपत असेल तर सोनं घालतात. सोनं जमणार नव्हतं. मी कपडे आणले आणि पाकिटात पैसे घातले, ते जमवायला किती आठवडे पोटाला चिमटा काढला ते माझं मला माहीत. पुरणाचे धोंडे केले, तूप घरचं कढवलं, आंब्याचा रस केला. चुलीपाशी सगळं मोजलेलं होतं. पंगतीला दोन वाढपं, आणि उरलेले धोंडे डब्यात भरून विहीणबाईंना.

जावई पाटावर बसले, बाजूला हे. पहिलं वाढप झालं. मी दुसऱ्यांदा धोंडे घेऊन गेले तर जावयांनी ताटावर हात आडवा धरला. "बास मामी, नको." आता आपल्याकडं पहिला नको म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. तीनदा वाढायला जावं, तीनदा नको ऐकावं, आमची शपथ घालावी, मग कुठं पाहुणा हात काढतो. पहिल्या नकोला फिरलेली सासू आजवर कुणी पाहिली नसेल. मी फिरले. माझा हात आपोआप मागं आला, आणि मी पातेलं घेऊन आत निघाले. चार पावलं गेल्यावर मला कळलं.  हे भाताकडं बघत होते. लेक माझ्याकडं बघत होती. परत फिरून वाढावं तर आणखी शोभा झाली असती, म्हणून मी आतच राहिले. कान तापले होते माझे.

जेवणानंतर पाकीट पुढं केलं. जावयांनी दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं. पाकिटावर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतं ना, ते नखानं अलगद काढून खिशात टाकलं आणि पाकीट माझ्या हातात परत दिलं. "मामी, मला एवढंच पुरे. मान पोहोचला." मी नको नको म्हटलं, हे मधे पडले, पण ते वाकून पाया पडले आणि विषय मिटवला.

लेक भांडी आवरायला आत आली तेव्हा मी तिच्यावरच उखडले. म्हटलं, "काय शिकवून आणलंस त्यांना? आहेर परत करतात का कुणी?" ती म्हणाली, "आई, ओरडू नको. त्यांना ठाऊक हाय."

"काय ठाऊक?"

"लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात फोन आला होता त्यांना. सासऱ्याला हप्ता भरायला सांगा म्हणून. मला त्यांनी मागच्या आठवड्यात सांगितलं, इकडं यायचं ठरलं तेव्हा. म्हणाले, मामी पोटाला चिमटा काढून करून राहिल्या असतील, आपण जास्त काही घ्यायचं न्हाई."

अण्णा, ज्या फोनसाठी मी सगळा जीव घातला तो कधीच वाजून गेला होता. ज्याच्यापासून झाकत होते तो माणूस माझ्या दारात बसून मला सांभाळून घेत होता. त्याचा नको खरा होता, आणि तो खरा का होता हे त्याला माहीत होतं, मला नाही. मला त्याचा राग आला. लाज वाटली, आणि मग लाजेचाही राग आला. लेक म्हणाली, "बाबा लई वाळलेत गं." मी म्हटलं, उन्हाळा आहे.

त्या पाकिटातले पैसे मी पुढच्या हप्त्याला भरले. तेच मला सहन होत नाही. जावयाचा आहेर सावकाराच्या घशात घातला, आणि त्यानं माझा एक महिना सोपा गेला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, जाऊ दे बाई, माणूस चांगला मिळाला. तुमचं काय जातं म्हणायला.

आज दुपारी हे कागद घेऊन आले. दुकानातून लवकर सुट्टी मागून आले, वाटेत पेढे घ्यायचं मनात होतं पण घेतले नाहीत म्हणाले, तुला विचारून घेऊ म्हटलं. पेढे घ्यायला माझी परवानगी, अण्णा. पन्नाशी उलटलेला माणूस. मी उठून फ्रीजवरचा कागद काढून चुरगाळला, ज्वारीचं पीठ काढलं, आणि जन्मात पहिल्यांदा डब्यावरून बोट न फिरवता ओतलं. वांग्याला तेल सोडलं, तर्री येईपर्यंत. हे जेवायला बसले. दोन भाकरी झाल्यावर मी वाढायला गेले तर सवयीनं त्यांचा हात ताटावर आला. "बास, पोट भरलं."

मी तशीच उभी राहिले. तुमच्यासारखी. म्हटलं, "हात काढा." ते म्हणाले, "खरंच नको." मी म्हटलं, "माझी शपथ आहे, हात काढा." त्यांनी वर बघितलं. डोळे भरून आले होते त्यांचे, आणि माझेही. मग हळूच हात काढला. मी गरम भाकरी त्यांच्या ताटात घातली, ते मान खाली घालून वांग्यात बुडवून खायला लागले, आणि मी समोर बसून राहिले. कर्ज फिटलं होतं. कुणाला फोन जाणार नव्हता. पिठाचा डबा भरलेला होता.

हे तुम्हाला कुठं पाठवू? खाणावळीच्या जागेवर क्लासवाल्यांच्या गाड्या लागतात आता. आणि पत्ता असता तरी टाकलं नसतं, कारण तुम्ही एकच गोष्ट विचारली असतीत आणि मला खरं सांगावं लागलं असतं. ती तिसरी संपवून त्यांनी आणखी अर्धी घेतली. साडेतीन झाल्या, अण्णा. मी मोजल्या.