ठिपक्यांतला वाटा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
४ ऑगस्ट २०२५

ती. राजमती अक्कांना,
शि. सा. न. जय जिनेंद्र.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि हे जवळच असतात, म्हणून लिहिते. तुमच्या भावाचं विसरणं वाढलंय. परवा आपल्याच गल्लीत उभं राहून शेजाऱ्याला आपलं घर विचारलं. एका जागी बसत नाहीत. त्यांच्यामागून मीही फिरते.

या आजारावर इथं संशोधन चाललंय, त्यात नाव घातलं. मेंदूचा एमआरआय झाला. डॉक्टर संयोगितांनी चित्रं दाखवली. बारीक रक्तवाहिन्या बंद पडून जागोजागी पांढरे ठिपके आलेत. शिवाय आठवणी राखणारा भाग झिजलाय. बीपी फार वाढलेलं बघून, बीपीची गोळी कधीपासून बंद, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रोज घेतात की. तर हे म्हणाले, "दोन वर्षं झाली. अक्कानं सोडायला सांगितलं."

खरं काय ते कळवा. तोवर माझं कशात लक्ष लागायचं नाही. लोभ आहेच.

तुमची दीपा

जयसिंगपूर
९ ऑगस्ट

चि. सौ. दीपा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र चारदा वाचलं. व्हय, मीच सांगितलं. पर्युषणात माझ्या भावानं, नेमूनं, दहा उपवास धरलेले. उपाशीपोटी गोळी सोसायची न्हाय, म्हणून सोड म्हटलं. उपवास संपल्यावर म्हणाला, बरं वाटतंय. मग कशाला घेतोस, मीबी सोडलीय, असं मीच म्हटलं. दीपा ओरडंल, तिला बोलू नको, हेही माझंच.

आता मीच घरभर फिरतीय. डॉक्टरना एवढं विचार, त्या ठिपक्यांत माझा वाटा किती? लपवू नकोस. मला तोडू नकोस, एवढंच मागणं.

अक्का

कोल्हापूर
१४ ऑगस्ट

ती. अक्कांना शि. सा. न.

दोन दिवस तुमच्यावर फार राग होता. भांडी घासताना एकटीच बोलत होते. मग डॉक्टरांकडं गेले. झीज हा वेगळा आजार, तो गोळी घेऊनही आला असता, म्हणाल्या. ठिपके बीपीचे. पण दोन्ही एकाच डोक्यात मिसळलेत; कशामुळं किती बिघडलं ते अजून सांगता येत नाही, तेच त्या शोधतायत. गेलेलं गोळीनं परत यायचं नाही, पुढचं थोडं सावरेल. आता रोज माझ्यासमोर घेतात.

राग गेला असं लिहिणार नाही. पण तुम्हीही गोळी सोडलीय आणि एकट्या राहता. रविवारी तुमचा भाचा अरिहंत गाडी घेऊन येईल. डॉक्टरांना दाखवून, तुमची गोळी सुरू झाल्याशिवाय परत सोडणार नाही.

अक्का कधी येणार, असं हे विचारतात. सांगितलं की विसरतात, पुन्हा विचारतात. मी दर वेळी 'रविवारी' म्हणते, आणि दर वेळी त्यांना नव्यानं आनंद होतो.

वाट पाहते.
तुमची दीपा