विचारलं नाही

वडिवळे,
२ फेब्रुवारी

प्रिय मानसी,

सप्रेम जयभीम. गेल्या रविवारी तू फोनवर म्हणालीस, आबांचा कॉम्प्युटर भंगारात देऊन टाक, तो समोर असला की मला घरी येववत नाही. मी बरं म्हणाले. मंगळवारी कामशेतहून पप्पू भंगारवाला टेम्पो घेऊन आलाही. त्याला मी मोडकी लोखंडी खाट दिली, दोन गंजके पत्रे दिले, पण कॉम्प्युटरवरचा रुमाल काही मला उचलवला नाही. तो म्हणाला, "मावशी, ह्या डब्याला आता कुत्रं इचारत न्हाई. उगा जागा खातोय." म्हटलं, खाऊ दे. म्हणजे तुला बरं म्हणाले ते खोटंच होतं. तुझ्याशी बोललेल्या खोट्यांतलं ते सगळ्यात लहान आहे, म्हणून आधी सांगून टाकलं.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण मी रडवेली झाले की तू "असू दे गं आई" म्हणतेस आणि विषय बदलतेस. म्हणून लिहायला बसले. ही तिसरी खेप. आधीचे दोन कागद चुलीत गेले.

इकडचं बरं चाललंय. भात झोडून झाला, तुझ्यासाठी इंद्रायणीचे तांदूळ वेगळे काढलेत. शेजारच्या आक्काबाईचा गुडघा दुखतोय, तोंड मात्र ठणठणीत आहे. विहारातल्या वाचनालयाला नवं लोखंडी कपाट मिळालं. पुस्तकांची यादी आता माझ्याकडे आहे. एका बोटाने टाइप करते, पण चुकत नाही. आबांनी यादी जिथे सोडली होती तिथून मी पुढे धरली. म्हणजे कॉम्प्युटर मी वापरते, हेही तुला आजच कळतंय.

तो घरी आला तो दिवस तुला आठवतो का? तुमच्या हापिसाने जुने निकालात काढले, त्यातला एक तू नाशिकहून एसटीने आणलास, चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन. आबा तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. तू त्यांना सुरू करायला, बंद करायला शिकवलंस आणि म्हणालीस, आबा, याला पासवर्ड लागतो, सुरू करताना तो रोज विचारेल. त्यांना हे इतकं आवडलं! सहा आकडे ठरले, दोन-दोनचे तीन नंबर. एकोणीस, बेचाळीस, सत्तर. ते मोठ्याने म्हणायचे, टाइप करायचे, आणि तुझ्या जुन्या शाळेच्या वहीत वेळ लिहायचे. आपण दोघी हसलो होतो.

हसायला नको होतं. तू रेल्वेच्या फाटकाच्या क्वार्टरमध्ये वाढलीस, पण तू लहान होतीस. मला पुरतं माहीत होतं. गाडी यायची असली की स्टेशनमास्तरांचा फोन यायचा. आबा फाटक लावायचे, कुलूप घालायचे, ओढून बघायचे, आणि मग कागदावरचा पुढचा नंबर मास्तरांना सांगायचे. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणत. तो मिळाल्याशिवाय मास्तर सिग्नल द्यायचे नाहीत. सांगून झालेला नंबर आबा खोडायचे आणि वहीत वेळ टाकायचे. एकतीस वर्षं. मी वाचायला शिकले ती तुझ्या पाटीवरून आणि पहिलं अख्खं पुस्तक वाचलं ते आबांच्या नियमांचं. दुसरं घरात होतंच कुठं? त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे, नंबर घेतल्याशिवाय गाडी सोडू नये. हे मुद्दाम लिहून ठेवते. पुढचं वाचताना, आईला बिचारीला काय कळणार, असं तुझ्या मनात येऊ नये.

आबांचं विसरणं सुरू झालं तेव्हा आधी चष्मा, मग आक्काबाईचं नाव, मग घरामागची वाट. लोणावळ्याचे डॉक्टर म्हणाले, हे आता हळूहळू वाढत जाणार, रोजचं जे ठरलेलं आहे ते मोडू नका. रोजचं ठरलेलं म्हणजे सकाळी सहाला कॉम्प्युटर. तो जुना, चहाला उकळी येईपर्यंत त्याचं जागं होणं चालायचं. मग निळ्या पडद्यावर आबांचं नाव यायचं आणि खाली पांढरी रिकामी चौकट. काही दिवस नंबर आठवायचा, काही दिवस नाही. नाही आठवला की घर डोक्यावर घ्यायचे. "नंबर दे गं! गाडी उभी हाय, मास्तर खोळंबलाय!" आक्काबाई कुंपणावरून विचारायची, "हनुमंतभाऊ, आज फाटक उघडायचं न्हाई व्हय?" आणि हसायची. वाईट मनाने नाही, पण हसायची.

सुरुवातीला मी नंबर सांगायचे. मग सांगून सांगून कंटाळले. एकदा तव्यावर भाकरी होती, बाहेर बचत गटाच्या बाया उभ्या होत्या, आणि हे हाक मारतायत. मी म्हणाले, मला काय ठाऊक तुमचे नंबर. ते गप्प झाले. मला वाटलं, बरा उपाय सापडला. त्यानंतर मी तेच म्हणत गेले.

आता तुझ्या फोनचं. आबा गेले त्याच्या आदल्या नोव्हेंबरात एका सकाळी ते फारच चिडले, म्हणून मी तुला फोन लावून त्यांच्या हातात दिला. तू कामावर निघायच्या गडबडीत होतीस. तू म्हणालीस, "आबा, सहा आकडे! एकतीस वर्षं एक नंबर चुकला नाही, आणि आता सहा आकडे राहत नाहीत? दोन-दोन करून म्हणा ना, पूर्वीसारखे. एकोणीस, बेचाळीस, सत्तर." त्यांनी तिथेच फोन ठेवून दिला. पुढच्या महिन्यात त्यांनी कॉम्प्युटरला हात लावायचं सोडलं, मग बोलायचं सोडलं, आणि मे महिन्यात गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे जेवून गेल्यावर तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणालीस, आई, मी असं बोलले म्हणून आबा मिटले. मी तुझ्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाले, जाऊ दे, आता काय त्याचं. तू त्याचा अर्थ हो असा घेतलास. तू तसा घेतलास हे मला त्याच वेळी कळलं होतं.

खरं असं झालं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी कामशेतला सारिकाच्या दुकानात गेले. दाखले, झेरॉक्स, कॉम्प्युटरची दुरुस्ती असं सगळं ती करते. तिला म्हटलं, तो सुरू होताना विचारतो ते बंद करता येतं का? ती म्हणाली, "एवढंच? मावशी, काकांना या वयात रोज कशाला परीक्षेला बसवता? पाच मिनिटांचं काम आहे." दिवस मीच ठरवला. सहा डिसेंबर. सकाळी आबा गावातल्या सोपानभाऊंबरोबर अभिवादनाला विहारात जाणार होते. मला सर्दी झालीय असं सांगून मी घरी थांबले. लग्न झाल्यापासून त्या दिवशी विहारात गेले नाही असं ते एकच वर्ष. सर्दी नव्हती.

सारिका स्कूटीवर आली. तिने एक इंग्रजी शब्द टाइप केला, एक छोटी चौकट उघडली. त्यात आबांचं नाव होतं आणि वर बरोबरची खूण, नाव आणि पासवर्ड विचारलाच पाहिजे, अशा अर्थाची. ती खूण तिने काढली. मग कॉम्प्युटरने खात्रीसाठी नंबर मागितला, दोन वेळा. सारिका म्हणाली, "सांगा मावशी." आणि मी सांगितला. एकोणीस, बेचाळीस, सत्तर. पुन्हा एकोणीस, बेचाळीस, सत्तर. आबांना मी 'मला काय ठाऊक' म्हणत आले, तोच.

स्वतःला मी सांगत आले, त्यांचे हाल बघवेनात म्हणून केलं. हाल बघवत नव्हतेच. पण त्याहून जास्त मला सकाळची शांतता हवी होती, मानसी. मला भाकरी करायच्या होत्या. आक्काबाईचं हसणं थांबायला हवं होतं. आणि मी त्यांना विचारलं नाही, सांगितलंही नाही. वाटलं, त्यांना कळणारही नाही.

सात तारखेला ते सहाला बसले. मी चहा घेऊन दारात उभी राहिले. पडदा निळा झाला आणि थांबलाच नाही, थेट उघडला. पुस्तकांची यादी, सगळं समोर. मला वाटलं आता खूश होतील. ते दोन्ही हात उचलून मागे सरकले. म्हणाले, "इचारलं न्हाई." मी म्हटलं, बरं झालं ना, आता रोज असंच होईल. ते म्हणाले, "मास्तरनं इचारलंच न्हाई. मग गाडी कुनाच्या भरवशावर सोडली?" चप्पल घालून ते बाहेर पडले. सोपानभाऊंनी त्यांना दुपारी मोटारसायकलवर बसवून आणलं. आपलं जुनं फाटक होतं तिथे सापडले. तिथे आता खालून रस्ता झालाय, फाटक नाही, खोली नाही, क्वार्टर नाही. रुळांच्या कडेला उभे राहून दोन्हीकडे बघत होते. सोपानभाऊंना एवढंच म्हणाले, "मला कमी केलं का रे?"

मला त्याच दिवशी सगळं समजलं होतं. सारिकाला एक फोन केला असता, तर तिने येऊन ती खूण परत घातली असती. पण मग तिला सांगावं लागलं असतं, सोपानभाऊंना, तुला. मी उद्या करू म्हणत राहिले. ते रोज सहाला बसायचे, पडदा उघडायचा, वहीत काहीतरी लिहायचे आणि उठायचे. मग बसायचेही बंद झाले. डॉक्टर म्हणाले, या आजाराची चालच अशी असते. असेल. पण फाटकवाल्याच्या बायकोने फाटकवाल्याला न विचारता गाडी सोडली, हे डॉक्टरांना कुठे माहीत होतं?

ती वही मला गेल्या मेमध्ये मिळाली, आबांना जाऊन वर्ष झालं त्या पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी. फोटो ठेवायला टेबल पुढे ओढलं, तर मागच्या फटीत होती. वाचून काढली आणि दुसऱ्याच दिवशी सारिकाकडे जाऊन तो इंग्रजी शब्द कागदावर लिहून आणला. ती म्हणाली, "काढायला पण तुम्ही, घालायला पण तुम्ही! आता कुणाला परीक्षेला बसवताय?" मी म्हटलं, मलाच. खूण माझ्या हाताने परत घातली. तेव्हापासून रोज सकाळी सहाला तो नंबर विचारतो, मी देते, आणि मग वाचनालयाची यादी उघडते. वहीत लिहीत मात्र नाही. ती वही त्यांची.

म्हणजे नऊ महिने झाले. या नऊ महिन्यांत तू दोनदा आलीस, दोन्ही वेळा त्या खोलीकडे पाठ करून बसलीस आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलीस. वही तेव्हा माझ्या ट्रंकेत साड्यांखाली होती. एकदा तर तू पाणी प्यायला उठलीस तेव्हा मी ट्रंक उघडली होती. पुन्हा लावली. ती वाचलीस तर तुझ्यावरचं ओझं उतरेल हे मला कळत होतं. ते उतरून कुणावर जाईल हेही कळत होतं. मुलीला जळत ठेवून मी माझं वाचवलं. रविवारी तू भंगार म्हणालीस तेव्हा वाटलं, आता कॉम्प्युटर जाईल, मागोमाग वहीही कुठेतरी जाईल आणि तू जन्मभर ते एक वाक्य घेऊन फिरशील.

म्हणून वही या पत्रासोबत रजिस्टरने पाठवतेय. चौदा नोव्हेंबर काढ. आधीचे चार दिवस 'नाही दिला' असं आहे. चौदाला लिहिलंय, 'मानसीने सांगितला. दोन-दोन करून. दिला ६.४०.' खाली रेघ मारलीय, फाटकावर नवा कागद सुरू करताना मारायचे तशी. पंधराला दिला. सोळाला दिला. तुझ्या फोनपासून सहा डिसेंबरपर्यंत तेवीस दिवस होतात, त्यांतले पंधरा दिवस त्यांनी नंबर दिलाय. मला ते कळलंच नाही, कारण दिला त्या दिवशी घरात आवाज होत नसे, मला फक्त उरलेले आठ दिवस ऐकू येत होते. तुझ्या बोलण्याने ते मिटले नव्हते, बाई. तुझ्या बोलण्यावर ते तेवीस दिवस ड्युटीवर होते. त्यानंतर पान उलट. तिथे सात डिसेंबरपासून अकरा ओळी आहेत, अक्षर वेडंवाकडं होत गेलंय, पण प्रत्येक ओळीत तेच आहे, 'विचारलं नाही'. बाराव्या दिवशी काही नाही. पहिलं पान तुझं आहे. दुसरं माझं, तेही वाच. मग यायचं की नाही ते तू ठरव.

तुझीच,
आई