गुडघ्याचा दवाखाना

रुचिकाचे बाबा,

मी पहिल्या एसटीनं नागपूरले चालली. आज पोरीले पाहाले लाखनीचे पाहुणे येणार, म्हणून घरीच थांब म्हटलं होतं तुमी. "एक दिवस मशीनचा शेक नाही घेतला तं काय बिघडते?" छाती माही जळून काळी पडली, तुमचं काय बिघडणार? एकही खाडा करू नोका म्हणून डॉक्टरनं तुमच्यासमोरच बजावलं होतं.

लाखोरीची डाळ वाटून ठेवली आहे, वडे रुचिका काढन.

माहं विचारलं तं नेहमीसारखं सांगजा, गुडघ्याच्या दवाखान्यात गेली. कॅन्सरचं नाव काढलं तं पोरीची सोयरीक तुटते, हे तुमी इतक्यांदा ऐकवलं का आता चारचौघांत मी आपोआप लंगडतो.

अजून एक. पाहुण्यायसंग पोराची आई येणार नाही. तिचे गुडघे दुखतात म्हणून सांगतीन. तुमी मान हलवजा, कोणता दवाखाना म्हणून विचारू नोका. मांगच्या सोमवारी शेकाच्या रांगेत एक बाई माह्या बाजूले बसली होती. गाव विचारलं, आडनाव विचारलं, तं ती पोराचीच आई. तिच्याबी मालकानं तिले गुडघेच सांगाले लावले. दोघी मिळून आधी हासलो, मंग पदर तोंडाले लावून रडलो.

सोयरीक आमी दोघीनं तिथंच पक्की केली. तुमी दोघे इवाई आता बसा एकमेकायले गुडघे सांगत.