थोरलीच्या आधी

रविवार, १२ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. वाकून केलाय असं समज. पाठ धरल्यामुळे प्रत्यक्षात खुर्चीतूनच केलाय.

इकडे सगळं ठीक. आईच्या डोळ्याची पट्टी निघाली. तिने आधी आरसा मागितला आणि "ही म्हातारी कोण?" म्हणून माझ्यावरच ओरडली. भावोजींचा खोकला कसा आहे? आमचा नळ पुन्हा गळतोय. प्लंबर 'आलोच' म्हणून गेला तो गेलाच. फोनच केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. म्हणून आजच तिकडे निघालेल्या शेजारच्या काकूंच्या हाती हे पत्र देतेय.

शाळेतही ठीक आहे, असं लिहिणार होते. नाही लिहीत.

परवा तू आमच्या शाळेत तपासणीला आलीस आणि सगळ्या शिक्षकांसमोर मला "अहो बाई" म्हणालीस. त्याचा राग नाही. अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसलं की तसं वागावं लागतं. मी चिडलेय ती दुसरीतल्या त्या मुलीवरून, जिला आमचे मुख्याध्यापक 'मुकी' म्हणतात.

तू तिला ऑफिसात एकटीला बसवलंस, चित्रं दाखवलीस. ती गप्प. तू शेरा मारलास: 'बोलत नाही, समज कमी, वेगळ्या शाळेत पाठवावे.' ती वेगळी शाळा लांब, दुसऱ्या गावी. तिथेच राहायचं. तिचे आईबाप रस्त्याच्या कामावर. डांबर जिकडे जाईल तिकडे त्यांचा तंबू. लेक एकदा तिकडे गेली की त्यांना पुन्हा कधी भेटेल, तूच सांग. उद्या समितीची बैठक, त्यात तुझी सही, की संपलं.

आता ऐक. ही मुकी मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी कान किटतील इतकी बडबडते. फक्त पाचवीतली तिची थोरली बहीण शेजारी लागते. तू तपासणीला येण्याच्या आठवडाभर आधीच मी रस्त्यावर जाऊन तिच्या आईला विचारलं. डोक्यावरची खडीची पाटी खाली न ठेवता ती म्हणाली, "बाई, परक्या माणसासमोर थोरलीच्या आधी धाकटी कशी बोलेल? लोक म्हणतील, आईनं वळण लावलं नाही."

म्हणजे ज्या गोष्टीसाठी घरी तिचं कौतुक होतं, त्याच गोष्टीसाठी आपण तिला मंद ठरवलं.

मग मी तोंडी परीक्षेला थोरलीला शेजारी बसवलं. थोरली एवढंच म्हणते, "बोल." की धाकटी सुरू. घराचं चित्र दाखवलं, तर म्हणाली, "हे कसलं घर? हे गुंडाळणार कसं?" मी पूर्ण गुण दिले. मुख्याध्यापकांनी ते खोडले, वर 'नक्कल' लिहिलं आणि माझ्याकडे माफीपत्र मागितलं. एका 'बोल'मध्ये कुठलं उत्तर लपलंय, ते त्यांनाच ठाऊक!

हे सगळं मी परवाच तुला जिन्यात सांगायला आले होते. तू घड्याळ बघत म्हणालीस, "नियम सगळ्यांना एकच." ताई, आपले बाबा शिंपी होते. त्यांनी सगळ्या गावाला एकाच मापाचे सदरे शिवले असते, तर आपण दोघी काय खाऊन मोठ्या झालो असतो?

आणि आपल्या घरी तरी वेगळं काय होतं गं? पाहुण्यांनी माझं नाव विचारलं की तू सांगायचीस. डॉक्टरांनी मला विचारलं, "कुठे दुखतंय?" तू ठणकावून सांगितलंस, "पोटात." दुखत होता माझा कान. मी आठवडाभर पोटाचं कडू औषध प्यायले, पण थोरलीला खोटं पाडलं नाही. मला कुणी मुकी म्हटलं नाही. 'किती गुणी पोर' म्हणाले. आपण पक्क्या भिंतींच्या घरात राहायचो ना!

हा किस्सा आपण दरवेळी हसत हसत सांगतो. परवापासून मला त्याचं हसू येत नाही. खरं सांगू? तेव्हापासून मी फोनजवळच बसून होते. तू फोन करशील, 'चुकलंच माझं' म्हणशील, मग मी बोलेन. एवढी वर्षं शिकवतेय, तरी अजून तुझ्या 'बोल'ची वाट बघते. त्या पोरीहून मी काय वेगळी?

माफीपत्र मी लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. नोकरी गेली तर शिकवण्या घेईन. पण त्या मुलीला मी वर्गातून हलू देणार नाही. उद्या दोघी बहिणींना घेऊन बैठकीला येतेय. त्यांचे आईबापही कामाचा खाडा करून येणार आहेत. थोरलीला मधोमध बसवीन. ती "बोल" म्हणेल, मग तू हवी तितकी चित्रं दाखव. आणि त्याआधी, बैठक सुरू होताच, तू तोंड उघडायच्या आत मी उभी राहून सांगणार आहे: हा शेरा चुकीचा आहे आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीने लिहिलाय.

लोक आईला बोलतील, धाकटीला वळण लावलं नाही म्हणून. मी आईला तसं सांगितलं. ती नवा डोळा चोळत म्हणाली, "कान ज्याचा दुखतोय, त्यानं बोलावं."

या खेपेला तुझ्या आधी बोलणारी,
तुझीच
धाकटी