न पुसलेली सुरी

मी, केरबा रामू चौगले, वय ६८, राहणार गडमुडशिंगी, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर. माझे डोके जागेवर असल्याचे डॉक्टरांनी कालच लिहून दिले आहे, ते पत्र सोबत जोडले आहे. एका गोष्टीत मात्र माझा गोंधळ आहे. तो कलम ३ मध्ये लिहिला आहे. त्यावरून बाकीचे मृत्युपत्र कोणी रद्द समजू नये. हे मी राजीखुशीने लिहीत आहे.

१. राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते मुलगा अमरसिंह याला द्यावे. बँकेतील ठेव मुलगी अनुजा हिला. तिच्या आईचे दागिने तिला आधीच दिले आहेत. त्याबद्दल सून निशा हिने एका शब्दाने तक्रार केली नाही, हे इथे नोंदवतो.

२. उद्यमनगरातील दुकान, टाक्या, भट्टी व प्रमाणांची वही अमरसिंहला. बंदुकांच्या कामाचा परवाना माझ्या नावाचा आहे, तो वारसाने मिळत नाही. स्वतःचा परवाना मिळेपर्यंत त्याने सुऱ्या आणि कोयतेच कामाला घ्यावेत. ओळखीच्या माणसाचीही बंदूक घेऊ नये.

३. आमच्या कामात लोखंडावर काळा थर चढवून तो भाजतात. तरी गंज येऊ नये म्हणून वरचेवर तेल लावावे लागते. माझ्या थराला तेल लागत नाही, दहा वर्षे गंज येत नाही, अशी पाटी मी दुकानात लावली होती. पुरावा म्हणून सहा सुऱ्या घरामागे नळाजवळ उघड्यावर टांगल्या होत्या. एकोणीस वर्षे त्या काळ्याच राहिल्या. घरी कोणी आले की मी दाखवत असे, "बघा पावणं, तेलाचा थेंब न्हाय." माझी पत्नी शालूबाई तेव्हा चहा घेऊन शेजारी उभी असे.

ती गेल्या वर्षी ९ मे रोजी वारली. गणपतीपर्यंत चार सुऱ्या गंजल्या. मी त्या बघत उभा होतो, तेव्हा निशा म्हणाली, "मामा, आत्ती दर शनवारी खोबरेल लावून पुसायच्या की. तुमाला ठावं न्हाय व्हय?"

"कशापायी?"

"गंजल्या तर लोकं तुमाला हसतील म्हनायच्या."

सुऱ्या तिथे का टांगल्या आहेत हे मी शालूबाईला कधी सांगितले नाही. तिनेही विचारले नाही. पण पाहुण्यांसमोर मी काय बोलतो ते ती ऐकत होती. मग तिला कळले होते की नव्हते? एकोणीस वर्षे काय टिकले, माझा थर की तिचे पुसणे? आणि राहिलेल्या दोन सुऱ्या का गंजल्या नाहीत? मला काहीच उलगडत नाही. पाटी मी उतरवली आहे. खात्री झाल्याशिवाय ती लावू नये.

४. कबनूरचे उदयसिंह इंगळे यांची मी थर दिलेली बंदूक तिसऱ्या वर्षीच गंजून परत आली होती. मी चार लोकांत म्हणालो, "ओल धरणाऱ्या चामड्याच्या पिशवीत कोंबून ठेवतोस, आणि माझ्या कामाला नावं ठेवतोस?" ते म्हणाले, "म्या पिशवीच घेतल्याली न्हाय, चौगले." त्यानंतर बारा वर्षे आमचे बोलणे नाही. मी जाऊन त्यांना भेटणार आहे व बंदूक पुन्हा करून देणार आहे. ते राहून गेले तर अमरसिंहने कबनूरला जावे आणि हे कलम त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे.

५. दिवाळीनंतर मी त्याच खिळ्यांना दोन नव्या सुऱ्या टांगल्या. एक दर शनिवारी पुसायची, दुसरीला हात लावायचा नाही, असे ठरवले. पुसायला शालूबाईचेच फडके घेतले. ते तिच्या जुन्या पातळाचे आहे. चौथ्या शनिवारी मी दोन्ही सुऱ्या पुसल्या. पुसून झाल्यावर लक्षात आले. पुढेही दोनदा तसेच झाले. माझ्या हातून ही परीक्षा होणार नाही.

म्हणून एक सुरी अनुजाने चंदगडला आपल्या सासरी न्यावी. तिथे पाऊस पुष्कळ आहे. वळचणीबाहेर टांगून दहा वर्षे तिला कोणी हात लावू नये. मग जे दिसेल तेच अमरसिंहने पाटीवर लिहावे.

दुसरी सुरी आणि फडके कोणाच्याही वाट्याला नाहीत. ती नळाजवळच राहील. दर शनिवारी निशाने ती पुसावी. खोबरेल लावून. किती वर्षे, ते मी लिहीत नाही.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली. जे समजले नाही ते कलम ३ मध्ये आहे.

सही : केरबा रामू चौगले

आमच्यासमोर सही झाली :
१. कृष्णात धोंडी पाटील, शेजारी
२. डॉ. पृथ्वीराज सूर्यवंशी

कोल्हापूर, १२ मार्च २०२५