आईच्या धवल्यांचा पत्ता

मोरवा, भाईंदर

प्रिय विपुलदादा,

आधी मला मनातल्या मनात दोन शिव्या घाल, मग पुढे वाच. चार महिने तुझ्याशी अबोला धरला ना, तो निव्वळ माझ्या मूर्खपणाने. आज कळलं आणि हुश्श झालं बघ!

घशाच्या ऑपरेशनआधी आईने लग्नात गायची आपली बावीस गाणी, सगळे धवले, माझ्या फोनवर गाऊन ठेवले. आवाज राहील याची खात्री नाही असं डॉक्टर म्हणालेच होते, आणि नाहीच राहिला. मग तयार थीम घेऊन मी धवल्यांची वेबसाइट बनवली आणि तुला मस्कतला लिंक पाठवली. तुझं उत्तर काय, तर ‘बघितलं’. माझं डोकंच फिरलं. आईचा आवाज ऐकून माणूस एवढंच लिहितो? आई मात्र पाटीवर लिहून माझी समजूत घालायची, त्याला काम हाय, येल न्हाय गावत.

आज शेजारच्या मनालीने काशीमीराच्या ऑफिसात साइट उघडली आणि तिचा फोन आला, नुसती नावं दिसतात, वाजत काहीच नाही. सेटिंगची फाइल उघडते तर काय! साइटच्या पत्त्याच्या ओळीत माझ्याच लॅपटॉपचा पत्ता, करून बघताना टाकलेला, तसाच. खालच्या ओळीत धवल्यांच्या फोल्डरचं नाव हवं, ती कोरी. म्हणजे धवले फक्त माझ्या लॅपटॉपवर वाजत होते. अख्खी आळी आपल्या ओटीवर बसून ऐकून गेली, शाब्बास म्हणून गेली, आणि बाहेर कुणाला चकार शब्द ऐकू येत नव्हता. दोन ओळींपायी मी तुला दगड समजले रे. तुला वाटलं असेल, मागे आपलं घराच्या जागेवरून भांडण झालं होतं म्हणून चांदणीने मुद्दाम मुकी यादी पाठवली. आता दोन्ही ओळी नीट केल्यात. मनालीने फोनवरून ऐकवलं तेव्हा आई आणि मी दोघी रडलो.

आता पत्र कशासाठी ते सांगते, फोनवर मला जमलं नसतं. यादीतला शेवटचा धवला आधी लाव, सलोनीला शेजारी बसवून. तुझी पोर अजून शाळेत आहे, पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, नातीच्या हळदीला गळा नसेल तर आजच गाते. सलोनीचं नाव घेऊन गायलीय. चार महिने ती रोज पाटीवर एकच विचारते, विपुलने ऐकलं का? मला काही लिहू नकोस. तिला व्हिडिओ कॉल कर. ती बोलणार नाही, तूच बोल.

तुझीच भांडकुदळ,
चांदणी