एकशे बारावं पान आणि मोठी कात्री

माझ्या चौथ्या कादंबरीचं एकशे बारावं पान लिहायला एक दुपार लागली. त्यापायी गेलं ते असं: दादाचं अकरा वर्षांचं बोलणं, दोन घरांमधलं उघडं दार आणि वहिनीच्या हातचा चहा.

मी, धंद्याने शिंपी आणि नादाने कादंबरीकार, वय एकाहत्तर, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी मानगुटीवर बसलेलं नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोळ्यांना चष्मा आहे, कान शाबूत आहेत. एकदा ऐकलेलं वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. आठही कादंबऱ्या त्यावरच उभ्या आहेत.

१. घर, दुकान, बँकेतली शिल्लक आणि पुस्तकांचं मानधन पत्नीला. माझ्या सगळ्या नायिका तिच्याच बोलण्यावर पोसल्या. ती म्हणते, "भांडले मी, नाव झालं तुमचं."

२. मापाच्या अडतीस वह्या मुलीला. पानाच्या पुढे गिऱ्हाइकाची छाती-कंबर, मागे ट्रायलच्या वेळी तो काय बोलला ते. आरशासमोर माणूस फार खरं बोलतो. ती माणसं हयात आहेत तोवर वह्या कोणाला दाखवू नयेत.

३. मापाची टेप समीक्षक मित्राला. त्याने मला आजवर नुसत्या नजरेनेच मापलं.

४. ~~मोठी कात्री थोरल्या भावाला.~~ तिच्यावरच त्याने मला कापायला शिकवलं. नवरदेवाचा कोट वाकडा कापून माळ्यावर लपलेला थोरला भाऊ मी त्या पानावर रंगवला आणि गल्लीभर हशा पिकला. खरं असं, की कोट मी कापला, माळ्यावर मी लपलो आणि खाली उभं राहून शिव्या दादाने खाल्ल्या. पुढच्या आवृत्तीत प्रकाशकाने तसा बदल करावा.

खाडाखोडीचा खुलासा: हा मजकूर काल दादाकडे पाठवला होता. आज तो मधल्या दाराची कडी काढून आला आणि साक्षीदार म्हणून सही करतो म्हणाला. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. दादा म्हणाला, "मग कात्री खोडा. तो दिवस बघितलेला साक्षीदार मी एकटाच उरलोय."

कात्री खोडली. बदलाची सूचना कायम.

साक्षीदार: १. थोरला भाऊ (सही) २. वकील (सही)
लिहून ठेवणार: धाकटा भाऊ (सही)
ठिकाण: दुकानातली ट्रायलची खोली
दिनांक: ४ मार्च

ता. क. अकरा वर्षांनी आत आल्यावर दादा पहिलं काय बोलला, असं हिने आत्ता विचारलं. मला आठवत नाही.